आजीच्या घरातलं जातं, पाटा, उखळ: किती जुनं, अन् काय ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आजीचं जुनं घर पाडून नवं बांधायचं आहे. माळ्यावर अन् ओसरीत दगडी जातं, पाटा-वरवंटा, जमिनीत पुरलेलं उखळ, दोन मुसळं, पीठ मळायची लाकडी काठवट, पावशी (विळी), शेवयांचं हाताचं मशीन, पितळी गंज (पातेलं) अन् धान्याची मापं निघाली. यातलं किती जुनं, जात्यावरचं पीठ गिरणीच्या पिठाहून पौष्टिक असतं का, अन् यातलं काय वापरात आणता येईल?

मी तुमच्याच जिल्ह्यातली. आमच्या बचत गटातल्या बायका जात्यावर तूर भरडून डाळ विकतात, उन्हाळ्यात शेवया, काडीवर वळायचे सरगुंडे, कुरडया करतात. त्यामुळे या वस्तू माझ्यासाठी शोभेच्या नाहीत, रोजच्या कामाच्या आहेत. त्याच नजरेनं लिहिते.

तुमच्या घरातलं सामान एका काळाचं नाही, हे आधी लक्षात घ्या. जातं अन् शेवयांचं मशीन एकाच माळ्यावर पडलेलं असलं तरी त्यांच्या घडणीत दीड-दोन हजार वर्षांचं अंतर आहे. तुमचं जातं तेवढं जुनं असं नव्हे, ते फार तर आजीच्या सासूनं घेतलेलं असेल. पण ते घडवणाऱ्यानं जी रीत वापरली ती तेवढी जुनी आहे. सगळ्यांत म्हातारी जोडी पाटा-वरवंट्याची. हडप्पा-मोहेंजोदडोच्या घरांत जे दळायचे दगड सापडले ते लांबट, वापरून मधे खोलगट झालेले, अन् वरून मागेपुढे रगडायचा दुसरा दगड. फिरतं जातं तिथे नाही. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी गहू-जव दळणारी बाई पाठ वाकवून रगडत होती. महाराष्ट्रातल्या सातवाहन काळातल्या वस्त्यांच्या उत्खननात चार पायांचे दगडी पाटे निघाले आहेत, चांगले घडीव. गोल फिरणारं जातं आपल्या देशात इसवी सनाच्या आगेमागे रुळलं. स्पेनकडे ते त्याच्याही चार-पाचशे वर्षं आधी होतं. जातं आल्यावर दळणाचं काम त्याच्याकडे गेलं अन् पाट्याकडे ओलं वाटण उरलं. ती वाटणी अजून तशीच आहे.

जाता जाता एक सांगते. पाटा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल मिरचीचं वाटण येतं, सावजी मसाला येतो, ठेचा येतो. पण मिरची मूळची अमेरिकेतली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतात आणलेली. त्याआधी तिखटाला मिरे, पिंपळी, आलं होतं. पाटा जुना, त्यावरचा ठेचा नवा. ‘आमचा वऱ्हाडी ठेचा हजारो वर्षांचा’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा अन् जेवत राहा.

आता खरा मुद्दा. कोणत्या घरात कोणतं साधन मोठं, हे तिथलं धान्य अन् तिथला दगड ठरवतो. यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती, बुलढाणा, वर्धा, हा सगळा काळ्या बेसाल्टचा मुलूख. रानात ज्वारी, तूर, हरभरा, थोडा गहू. हे धान्य दळायचं, भरडायचं, म्हणून आमच्या घरात जातं मोठं. नागपूर ओलांडून पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीला गेलात की धानाची बांधी लागते. धानाला दळणं नको, कांडणं हवं, म्हणून तिकडे उखळ-मुसळाचा मान मोठा. छत्तीसगडच्या बाजूला पायानं चालवायची ढेकीही असते: आडव्या लाकडाच्या एका टोकावर पाय द्यायचा, दुसऱ्या टोकाचं मुसळ उचललं जातं अन् खाली खळग्यात आदळतं. हात मोकळे राहतात, अंगाचं वजन कामाला येतं. दगडही तिकडे बदलतो. बेसाल्टचा थर नागपूरच्या आसपास संपतो, चंद्रपूरकडे वालुकाश्म भरपूर. वालुकाश्म घडवायला सोपा, पण त्याचे कण सुटतात. बेसाल्ट घडवायला कठीण, पण एकदा घडवला की पिढी काढतो. तुमचं घर दारव्ह्याचं, त्यामुळे जातं बहुतेक काळ्या दगडाचंच असणार, अन् तसं असेल तर नशीबवान आहात.

तुम्ही उखळाबद्दलही विचारलं आहे. आमच्याकडे धान नसताना उखळ कशाला? तर ज्वारीच्या कण्यांसाठी. ज्वारीला पाण्याचा हात लावायचा, उखळात सडायची, वरचा कोंड्याचा पातळ पापुद्रा सुटला की पाखडून घ्यायची, मग जात्यात जाडसर भरडायची. त्याच्या कण्या ताकासोबत खातात. हळकुंडं, मिरच्या, शेंगदाण्याचा कूट हेही उखळात. मुसळाच्या खालच्या टोकाला लोखंडी कडं आहे का पाहा. कडं असलेलं मुसळ सडायला-कांडायला, अन् बिनकड्याचं नुसतं लाकडी असेल तर ते हलक्या कामाचं. घरात दोन मुसळं सापडली याचा अर्थ दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं कांडायच्या. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला की हात गेलाच.

जात्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तेच तुम्ही वापरू शकाल. खालची पाळू, म्हणजे दगडी चाक, स्थिर, तिच्या मधोमध खीळ. वरच्या पाळूला मधे तोंड, त्या तोंडात आडवी बसवलेली पट्टी खिळीवर टेकते अन् पाळू फिरते. काठाला खुंटा. दोन्ही दगडांची समोरासमोरची तोंडं पूर्ण सपाट नसतात. मध्याजवळ फट किंचित जास्त, काठाकडे कमी. घास, म्हणजे मूठभर दाणे, तोंडातून पडतो, मधल्या मोकळ्या जागेत फुटतो, फिरत फिरत काठाकडे सरकतो तसतसा बारीक होतो. टाकीच्या खुणा, म्हणजे छिन्नीनं मारलेले बारीक खड्डे, हेच त्याचे दात. हे दात गुळगुळीत झाले की पीठ गरम येतं, हाताला जोर लागतो अन् दाणा फुटण्याऐवजी चेपतो. मग टाकी लावावी लागते. वऱ्हाडात हे काम टाकणकार करायचे. हातोडी-छिन्नी घेऊन गावोगाव फिरायचे, आरोळी दिली की बायका जात्याच्या पाळ्या उघडून ओसरीत ठेवायच्या. वडार अन् पाथरवटही करत. आता असा माणूस शोधावा लागतो, पण आठवडी बाजारात पाटे-खलबत्ते विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर बहुधा मिळतो.

तूर भरडायची आमची रीत सांगते. तूर चाळून, खडे निवडून घ्यायची. पाण्यात थोडा वेळ भिजवून उपसायची अन् रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवायची. दाणा फुगतो अन् टरफल सैल होतं. मग कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची. वाळताना दाणा आक्रसतो, टरफल मात्र तसंच राहतं, म्हणून दोघांत फट पडते. काही जणी पाण्याऐवजी तेलाचा हात लावून उन्हं देतात, ती डाळ तुकतुकीत दिसते अन् कीडही कमी लागते. दाताखाली दाणा कट्कन फुटला की तूर तयार. आता जात्याची वरची पाळू थोडी उचलायची. त्यासाठी खिळीवर चिंधीची किंवा चामड्याची चकती घालतात. फट दाण्यापेक्षा जरा कमी हवी. फार कमी झाली तर चुरा होतो, फार झाली तर दाणे तसेच बाहेर येतात. मूठ-मूठ घास घालत सावकाश फिरवायचं, जोरात फिरवलं तर डाळ तुटते. मग सुपड्यानं पाखडून टरफल उडवायचं. न फुटलेला गोटा बाजूला काढून त्याला पुन्हा ऊन द्यायचं अन् पुन्हा फिरवायचं. उरलेली चुणी, म्हणजे टरफलं अन् चुरा, गाई-म्हशीला. या डाळीला मशीनची पॉलिश नसते, म्हणून दिसायला मळकट वाटते, पण शिजते चांगली अन् वरणाला दाटपणा येतो. वडा-भाताचा भरडाही याच फटीवर निघतो. मिक्सरमध्ये तो कधी जमत नाही. मिक्सरचं पातं दाणा कापतं, त्यामुळे अर्धं पीठ अन् अर्धा अख्खा दाणा अशी गत होते.

आता पौष्टिकतेचा प्रश्न. हा मला वारंवार विचारला जातो अन् खरं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात. गावातल्या गिरणीतही दळायला दोन चाकंच असतात, अन् ज्वारी अख्खी जाते, अख्खी दळून येते. कोंडा अन् अंकुर पिठातच राहतो. तुम्ही ते पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा फेकत नसाल, तर पौष्टिकतेत जात्याच्या अन् गिरणीच्या पिठात म्हणण्याइतका फरक नाही. फरक पडतो तो मैद्याशी, कारण रोलर मिलमध्ये कोंडा अन् अंकुर वेगळा काढतात. जात्याचा खरा फायदा ताजेपणात आहे. अंकुरातलं तेल हवेनं खराब होतं, म्हणून दळून ठेवलेलं पीठ कडवट होत जातं. ज्वारीच्या पिठाची तर विरी जाते, भाकर थापताना काठ फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतोच, आधण घातल्यावर पिठातली कांजी धरते त्यावर भाकर उभी असते. पीठ जुनं झालं की ती पकड सुटते. जातं होतं तेव्हा रोज पहाटे रोजच्यापुरतं दळलं जायचं, म्हणून भाकर चांगली व्हायची. गिरणीतून आठवड्याचंच दळून आणलं तर तुम्हालाही जवळपास तोच फायदा मिळेल.

तांदळाचं मात्र वेगळं आहे. तिथे हातसडीचा अन् मशीनच्या पॉलिशचा फरक खरा आहे. क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरनं १८९० च्या दशकात जावा बेटावर पाहिलं, की पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात अन् कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. हाच माणसांतला बेरीबेरी रोग. तांदळाच्या वरच्या थरात जीवनसत्त्व ब-१ असतं अन् ते पॉलिशमध्ये जातं. १९२९ मध्ये आइकमानला नोबेल मिळालं. आपल्याकडे या शोधाचा धागा थेट वर्ध्यापर्यंत येतो. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्यातल्या मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा तिथे काम बघत. हातसडीचा तांदूळ, हाताच्या चक्कीचं पीठ, घाणीचं तेल, गूळ, हातकागद, मधमाश्या, हे त्यांचे विषय. गांधीजी त्या काळात पॉलिश तांदळाविरुद्ध सतत लिहीत होते. झवेरभाई पटेलांनी तिथेच तेलघाणीत सुधारणा केली, ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं, ते आजही वर्ध्यात आहे. तुम्ही सामानाच्या निमित्तानं गावाकडे आलातच, तर एक दिवस तिकडे घाला. पुढे १९५८ मध्ये केंद्र सरकारनं भात गिरण्यांवर परवाना लावणारा कायदा केला, त्यामागेही हातसडीचं काम करणाऱ्यांचा रोजगार हा एक विचार होता. कायद्यानं गिरण्या थांबल्या नाहीत, हे मात्र गोंदियाला जाऊन डोळ्यांनी दिसतं.

गिरणी आली तेव्हा बायकांना वाईट वाटलं का? अजिबात नाही. जात्यावर तासाभरात बारीक पीठ निघतं दोन-अडीच किलो, तेही हात सरावाचा असेल तर. सहा-सात माणसांच्या घरात म्हणजे रोज पहाटे अंधारात उठून तास-दीड तास दळण, त्यावर स्वयंपाक, त्यावर रान. आमच्या मागच्या पिढीतल्या बायका डिझेल इंजिनच्या गिरणीचा टुकटुक आवाज गावात आला तो दिवस सणासारखा सांगतात. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, अन् पुढच्या काळात अशी इंजिनं विहिरीवर, रसाच्या चरकावर, पिठाच्या गिरणीवर सगळीकडे दिसू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आलं अन् गावोगाव तारा पोचल्या तसं इंजिनही मागे पडलं. पाट्याला धक्का दिला तो मिक्सरनं. सुमीतचा मिक्सर आला, पण आमच्या खेड्यांत तो मुलींच्या लग्नात आंदणात यायला अजून बरीच वर्षं गेली.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल लोक फार हळवं बोलतात. हेमा राईरकर अन् गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हे फार मोठं काम आहे. पण त्या ओव्या नीट वाचल्या तर त्यात माहेरची ओढ आहे, सासूचा जाच आहे, भावाची वाट पाहणं आहे, विठ्ठल आहे, अन् कष्टही आहेत. ओवी टिकवायची म्हणून जातं फिरवायला लावणं मला पटत नाही. ओवी गाता येते, जातं नसलं तरी.

बाकीच्या वस्तूंबद्दल भराभर. पावशी म्हणजे पुण्याकडची विळी. आमच्याकडच्या पावशीला पुढे खवणीचा दातेरी फुलोरा नसला तर नवल नाही, कारण ओला नारळ आमच्या रोजच्या जेवणात कधी नव्हता. आम्ही सुकं खोबरं खिसतो. लोखंडाचं म्हणाल तर विदर्भात ते पुरातन आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातशे वर्षांच्या आसपासची. माहूरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं कडं केलेल्या जुन्या दफनांत, लोखंडी हत्यारं तर मिळालीच, शिवाय तांब्याच्या भांड्यांची झाकणंही, ज्यांच्या टोकावर छोटे पक्षी बसवलेले. काठवट एकसंध लाकडाची असेल, तर तडे गेलेत का पाहा. पाण्यात भिजत ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसून गोडं तेल लावा अन् सावलीत वाळवा. शेवयांचं मशीन खाटेच्या किंवा बाजेच्या दांड्याला आवळून बसवतात. एक जण दांडा फिरवतो, दुसरी शेवया झेलून काठीवर टाकते. मशीन येण्याआधी पाटावर बोटांनी पीठ ओढून शेवया व्हायच्या, ते कसब आता मोजक्याच हातांत आहे. सरगुंडे मात्र अजून काडीवर हातानंच वळावे लागतात, अन् आंब्याच्या रसासोबत दुसरं काही त्यांची जागा घेत नाही.

धान्याची मापं पायली-शेराची असतील. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली अन् बाजारातून ती हळूहळू गेली. घरात मात्र ‘दोन पायल्या ज्वारी’ अजून ऐकू येते. त्यावर शिक्का किंवा अक्षरं असतील तर घासून काढू नका, त्यातच त्यांचा काळ कळतो. सुपडं सापडलं नाही म्हणता, ते साहजिकच, बांबूला कीड लागते. नवं घ्या, बुरूड अजून विणतात. बांबूवरून एक आठवलं: गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं वनहक्क कायद्याखाली स्वतःच्या जंगलातल्या बांबूचा हक्क मिळवला अन् २०११ मध्ये तो स्वतः विकायला सुरुवात केली. आमच्या सुपड्याच्या मागे एवढं राजकारण आहे, हे बाजारात भाव करताना आठवत नाही.

पितळी गंज चांगला दिसतोय असं तुम्ही लिहिलं आहे. आत कल्हई उडाली असेल, पिवळं पितळ दिसत असेल, तर त्यात कढी, ताक, चिंचेचं सार, अंबाडीची भाजी काही शिजवू नका, आंबट पितळेला खातं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भांडं तापवून नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की लगेच बसतं. चुलीवर भांडं रिकामं तापवलं तर तेवढ्यानंच उतरतंही, हे विसरू नका. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं आहे, तुमचा गंज तिथून आलेला असणं अगदी शक्य आहे. कल्हई करणारा मिळेपर्यंत त्यात धान्य ठेवा.

जातं अन् पाटा वापरायच्या आधी दगड तपासा. नखानं किंवा खिळ्यानं ओरखडा काढला अन् वाळूसारखे कण सुटले तर तो स्वयंपाकाला नको. काळा, जड, ठणठणीत असेल तर टाकी लावून घ्या, नंतर घासून धुवा, उन्हात वाळवा अन् जाड मीठ अन् हलके तांदूळ दोन-तीनदा वाटून-दळून फेकून द्या. शेवटचं वाटण बोटांत चोळून पाहा, कचकच लागली तर पुन्हा. टाकी लावणाऱ्याला नाकातोंडावर फडकं बांधायला सांगा. दगडाची धूळ फुफ्फुसाला वाईट, त्यातही वालुकाश्माची जास्त, कारण त्यात गारगोटीचा अंश जास्त असतो. जुन्या वस्तू गोळा करणारे हॉटेलवाल्यांसाठी जात्याचा चांगला भाव देतात म्हणून ऐकते. द्यायचं असेल तर द्या, पण तूर भरडायची हौस असेल तर खुंटा नवीन करून जातंच ठेवा. रोजच्या पिठासाठी मात्र गिरणीतच जा.

उखळाची घाई आहे, कारण ते जमिनीत आहे. बाहेर दिसतं तेवढंच ते नसतं, खाली दगडाचा अर्धा-पाऊण हात भाग पुरलेला असतो, काही वेळा खाली निमुळता, काही वेळा रुंद. घर पाडायला जेसीबी लागला तर पहिल्याच फटक्यात त्याचा काठ फुटेल. त्याआधी भोवतीची माती हातभर खोल खणून घ्या, पाणी टाकून मऊ करा अन् सब्बल (पहार) तिरकी घालून एका बाजूनं उचला. काठाखाली सब्बल लावू नका, बुडाखाली लावा. दोन माणसांना ते सहज निघतं.